परतीची मेंढरं

गडदे सरांना खुर्चीवर बसलेलं मी नऊ वर्षांत दोनदाच पाहिलं, आणि दोन्ही वेळा लाइट गेलेली होती. लाइट असली की हा माणूस एका जागी ठरत नसे. वर्गात फेऱ्या, व्हरांड्यात फेऱ्या, प्राचार्य बोलत असले तरी त्यांच्या टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फेऱ्या. ऐकणाऱ्याची मान दुखून यायची. "बसा की सर," असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "तारेत करंट हाय तवर वायरमननं बसू नये." आणि पुन्हा चालू लागायचे.

आमचं आयटीआय केज तालुक्यात, नांदूरघाटच्या रस्त्याला. मी तिथं गणित आणि ड्रॉइंग शिकवते. सर इलेक्ट्रिशियनच्या वर्गाचे निदेशक होते. त्यांच्या आणि माझ्या वर्गात प्लायवूडचं एक पार्टिशन होतं, तेही वरून उघडं, त्यामुळे त्यांचा प्रत्येक तास मी बसल्या जागी फुकटात ऐकला. मी अंबाजोगाईची, वाण्याच्या घरातली. आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याला आधी तराजूचा काटा बघायला शिकवतात. सर चकलांब्याकडचे, धनगराच्या घरातले, लहानपण सगळं मेंढरांमागं गेलेलं. माझं सगळं मापात आणि त्यांचं सगळं चालता चालता. आमचं जमणं कठीणच होतं.

त्यांची एक सवय सगळ्या जिल्ह्याला ठाऊक असावी. कोणत्याही धातूच्या वस्तूला ते आधी उलटा हात लावायचे. दाराची कडी, नळ, एसटीचा दांडा, कॅन्टीनमधली चहाची किटली, सगळ्याला पहिल्यांदा हाताची मागची बाजू. सरळ हातानं धरलं आणि त्यात करंट उतरलेला असला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. उलट्या हाताला झटका बसला तर हात आपसूक मागे येतो, असं त्यामागचं शास्त्र. एकदा आमच्या घरी आले होते. आईनं पितळी तांब्यातून पाणी पुढं केलं, तर यांनी तांब्याला अलगद उलटा हात लावून बघितला. आईचा चेहरा पडला. तिला वाटलं, आमच्या घरचं पाणी यांना चालत नाही. सरांच्या ते लक्षात आलं आणि ते एवढे ओशाळले की तो तांब्या उभ्या उभ्या रिकामा केला. म्हणाले, "आई, पाणी लई गोड हाय. म्या तांब्या तपासला, तुमाला न्हाई." पुढं आई त्यांची आठवण काढायची ती "तांब्या तपासणारे मास्तर" अशीच.

खिशाला पेनाऐवजी टेस्टर असायचा. हजेरीपटावर एकदा त्यांनी घाईघाईत टेस्टरनंच सही ओढली आणि पान फाटलं. त्या फाटलेल्या जागेला मग कागदाची पट्टी चिकटवून त्यावर सही घ्यावी लागली. हे काम माझ्याकडे आलं होतं म्हणून लक्षात आहे.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे मेंढरं. वीज ते मेंढरांतून शिकवायचे, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. ही युक्ती त्यांना कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नव्हती. ते स्वतः आयटीआयला होते तेव्हा थिअरीत दोनदा नापास झाले होते. मला सांगायचे, "पुस्तकात नुसते बाण काढलेले असायचे मॅडम. बाण कुठून आले, कुठं चालले, काय बी कळंना. सुट्टीत गावाकडं गेलतो. बाबा म्हनला, मेंढरं तेवढी रस्त्याखालच्या मोरीतनं पलीकडं काढ. मागं कुत्रं, म्होरं मोरी. कुत्रं जोरात भुकलं की मेंढरं जोरात. मोरी अरुंद असली की मेंढरं थोडी थोडी. म्या तितंच वरडलो, आरं ह्योच की त्यो पुस्तकातला नियम! मेंढरं बिथरली, बाबानं शिव्या घातल्या. पर तिसऱ्या डावाला पास झालो."

तेव्हापासून व्होल्टेज म्हणजे मागचं कुत्रं. करंट म्हणजे मोरीतून जाणारी मेंढरं. रेझिस्टन्स म्हणजे मोरी. मेंढरं कोंडायच्या जाळीला वाघर म्हणतात, तिच्या तोंडाशी मुद्दाम बांधलेली कच्ची दोरी म्हणजे फ्यूज. आतून रेटा वाढला तर ती तुटावी आणि बाकीची जाळी वाचावी. धनगर खरोखर अशी कच्ची दोरी बांधतात का, हे मी कधी विचारलं नाही. वर्गातल्या पोरांनीही विचारलं नाही. त्यांना ते पटलेलं असायचं. माझ्या तासाला डुलक्या घेणारी तीच पोरं पार्टिशनच्या पलीकडे गेली की "सर, मोरी दोन केल्या तर?" असं ओरडायची, आणि सर "शाब्बास बे! दोन केल्या तर काय हुईल?" म्हणत फेऱ्यांचा वेग वाढवायचे.

मला हेवा वाटायचा, हे कबूल करून टाकते. मीही एकदा प्रयोग करून पाहिला. ड्रॉइंगमधलं स्केल, म्हणजे प्रमाण, मी आमच्या दुकानावरून समजावायला गेले. खरी वस्तू दहापट मोठी, कागदावर तिचा दहावा हिस्सा काढायचा. जसं दुकानात मोठ्या पोत्यातला थोडा नमुना काढून दाखवतात तसं. एक जण शांतपणे उठून म्हणाला, "म्हंजी मॅडम, तुमच्या दुकानात किलो मागितलं की शंभर ग्रॅम देत्यात का?" वर्ग हसला, पार्टिशनपलीकडचा वर्गही हसला. त्या दिवसानंतर मी आमचं दुकान वर्गात आणलं नाही.

आमचं बिनसलं ते चाचणीच्या पेपरावरून. इलेक्ट्रिशियनचे पेपर तपासायला माझ्याकडे आले होते. "व्होल्टेज म्हणजे काय?" या प्रश्नाला एकानं उत्तर लिहिलं होतं, "व्होल्टेज म्हणजे कुत्रं. ते जेवढं मोठं तेवढं बरं." मी तो पेपर घेऊन प्राचार्यांकडे गेले. आधी सरांकडे जायला हवं होतं, पण नाही गेले. प्राचार्यांनी सरांना बोलावून समज दिली. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "सर, परीक्षेत कुत्रं चालत नाही." ते म्हणाले, "मॅडम, कुत्र्याबिगर करंट बी चालत न्हाई." आणि आमचं बोलणं बंद झालं, ते जवळजवळ पाच महिने. कामापुरत्या चिठ्ठ्या पाठवायचो, त्याही शिपायाच्या हातून.

त्या वर्षी त्यांच्या वर्गात संगीता होती. तीस वर्षांची, दोन लेकरांची आई. नवरा पुण्याला कंपनीत, आणि ही सासूबरोबर गावात पिठाची गिरणी चालवायची. गिरणीची मोटर सारखी जळायची. केजचा मिस्त्री चार-चार दिवस यायचा नाही, आणि तोवर अख्खं गाव दळणाचे डबे घेऊन दुसऱ्या वस्तीवर जायचं. म्हणून तिनं स्वतःच शिकायचं ठरवलं. विशी न गाठलेल्या पोरांच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि सरांची मेंढरं सगळ्यात आधी तिच्या ओळखीची व्हायची. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती सासूला सगळं सांगायची. सासू म्हणायची, "आमच्या घरात आता माणसापरीस मेंढरं जास्त झाली."

मग एक दिवस पार्टिशनपलीकडून मी फेज आणि न्यूट्रलचा धडा ऐकला. सर सांगत होते, "फेज म्हंजी जाणारी मेंढरं. भुकेली असत्यात, अंगावर येत्यात, त्यास्नी हात लावायचा न्हाई. न्यूट्रल म्हंजी परतीची. चरून आलेली. गपगुमान घराकडं जात्यात, ती मारत न्हाईत." मी खडू हातात धरून थांबले. काहीतरी सुटतंय असं वाटलं. माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा, त्यामुळे नेमकं काय ते पटकन सांगता आलं नसतं. पण विचारता आलं असतं. एका माणसाला एवढं म्हणता आलं असतं की सर, ते परतीचं एकदा पुन्हा बघा. आमचं बोलणं बंद होतं. मी वळून फळ्यावर माझा चौकोन पुरा केला.

दीडेक महिन्यानं संगीताच्या गिरणीतला बल्ब लुकलुकायला लागला. तिनं बोर्ड उघडला. न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता. बटण चालूच होतं. सासू म्हणाली, "बंद कर आधी." संगीता म्हणाली, "ह्यो परतीचा हाय आत्या, ह्यो मारत न्हाई." आणि तिनं ती तार ओढून काढली. उलटा हातसुद्धा लावला नाही. परतीच्या मेंढराला कशाला लावायचा? बल्ब चालू असताना न्यूट्रल मध्येच सोडली, की बल्बाकडच्या सुटलेल्या टोकावर फेजइतकाच दाब येऊन थांबतो. ती तार तिच्या उजव्या मुठीत आवळली गेली.

तिला सोडवलं ते सासूनं, दाराचा लाकडी अडसर मारून. म्हातारी तिच्या अंगाला हात लावायला धावली नाही. कारण भाकरीच्या वेळी तिनं हेही ऐकलं होतं की मेंढरू चिकटलं तर हातानं ओढायचं नाही, काठीनं हाकायचं. सरांच्या एका वाक्यानं संगीताला तार धरायला लावली आणि दुसऱ्यानं जिवंत सोडवलं. मी आजही या दोन वाक्यांचा हिशोब लावू शकलेले नाही, आणि मी हिशोबाच्या घरातली आहे.

तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. मी घराजवळच म्हणून लगेच गेले. जीव वाचला होता. उजव्या हाताची दोन बोटं आतपर्यंत भाजली होती. सर माझ्या आधीच पोचलेले होते, पण वॉर्डात गेलेले नव्हते. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, आणि वळताना दर वेळी लोखंडी कठड्याला उलटा हात लावत होते. मी त्यांना थांबवायला गेले नाही. काय बोलणार होते मी?

सासू बाहेर आली. पदरानं तोंड पुसलं आणि सरांच्या वाटेत उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"मास्तर, एकच इचारते. परतीचं मेंढरू मारतं का?"

सर थांबले. म्हणाले, "मारतं. वाट अडिवली की मारतं." कठड्यावरचा हात काढून घेतला. "ते म्या सांगायचं राह्यलं, आजी."

म्हातारी म्हणाली, "मंग आता आत जाऊन तिला सांगा. ती सारखी म्हनती, माझंच काय तरी चुकलं." आणि सरांना हाताला धरून आत घेऊन गेली.

त्यांच्यावर ठपका कुणी ठेवला नाही. संगीतानं आणि सासूनं कुठं तक्रारही केली नाही. शिक्षा त्यांची त्यांनीच केली. दुसऱ्या दिवसापासून मेंढरं बंद. पुस्तक हातात घेऊन वाचायचे, "विद्युतदाब म्हणजे..." आणि पोरांकडून तीनदा वदवून घ्यायचे. फेऱ्या मात्र वाढल्या. पुस्तकात बघत बघत इतके भराभर चालायचे की दोनदा बाकाला ठेचकाळले. पार्टिशनपलीकडून पोरांचे प्रश्न यायचे बंद झाले. मला हवं होतं ते सगळं झालं होतं: व्याख्या पाठ, पेपर स्वच्छ, कुत्रं कुठंही नाही. आणि माझंच शिकवण्यात लक्ष लागेना. माझ्या वर्गात उभं राहून मी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत बसायचे.

एक दिवस न राहवून मी कॅन्टीनमध्ये त्यांना गाठलं. पाच महिन्यांनी तोंड उघडलं. "सर, तो परतीचा धडा मी ऐकला होता. मला तेव्हाच खटकलं होतं."

"मंग कावून न्हाई बोल्ल्या?"

"आपलं बोलणं बंद होतं."

ते म्हणाले, "भांडान आपलं, मॅडम. अन् बोटं तिची." किटलीला उलटा हात लावला, चहा न घेताच निघून गेले. एवढं खरं मला माझ्या आयुष्यात कुणी बोललेलं नाही. मी चहा तसाच ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

अडीच महिन्यांनी संगीता वर्गात परत आली. उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नव्हती. पार्टिशनपलीकडून मला ऐकू आलं, सर पुस्तक उघडून वाचायला लागले. पाचेक मिनिटं तिनं ऐकलं असेल.

"सर, मेंढरं कुठं गेली?"

पावलं थांबली. "मेंढरांनी तुजा हात खाल्ला, संगीता. आता पुस्तकातलं शिक."

"न्हाई सर. मी पडल्या पडल्या लई इचार केला. परतीची मेंढरं गप असत्यात हे खरंच हाय. पर म्या त्यांची वाट तोडली. मेंढरं थांबली, कुत्रं कुठं थांबतंय? ते मागनं रेटतच हाय की. मंग ती मेंढरं घुसणारच, जितं वाट घावंल तितं. माझ्यातनं घुसली. आपल्या मेंढरांत समदं हुतं सर. आपुनच अर्ध्यात सोडली."

माझ्या वर्गातली पोरंही माना वर करून ऐकायला लागली. मी त्यांना अडवलं नाही. सरांचा आवाज आला. "पुन्यांदा सांग. सावकाश. समद्यांनी ऐका बे." तिनं पुन्हा सांगितलं. मग फळ्यावर खडू ओढल्याचा मोठा आवाज आला.

त्या दिवसापासून त्यांच्या तासाची रीत बदलली. मेंढरं परत आली, पण फळ्यावर मधोमध एक उभी रेघ. रेघेच्या एका बाजूला मेंढरं. तासाची शेवटची दहा मिनिटं दुसऱ्या बाजूची. त्या वेळात सर विचारायचे, "सांगा, मेंढरू कुठं थांबलं?" म्हणजे वीज कुठं मेंढरासारखी वागत नाही, ते पोरांनी शोधायचं. सरांची उपमा मोडून दाखवणाऱ्याला शाबासकी. पोरं तुटून पडायची. मेंढरू दमतं, करंट दमत नाही. मेंढरू एका जागी उभं राहतं, करंट राहत नाही. त्यातलं एक वाक्य संगीतानं डाव्या हातानं लिहिलं आणि ते पुढं कधी पुसलं गेलं नाही. पावसाळ्यात फळा रंगवला तेव्हा सरांनी तेवढी जागा सोडून रंग द्यायला लावला: "मेंढरू येताना दिसतं. करंट दिसत नाही."

रेघेच्या दुसऱ्या बाजूच्या दहा मिनिटांसाठी ते कधी कधी पार्टिशनवर टकटक करायचे. "या मॅडम, चुका काढायला." मी जायचे. अजून काय हवं होतं?

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना खुर्ची दिली होती. लाइट होती, म्हणून ते तिच्यामागं फेऱ्या मारत राहिले. त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, संगीताच्या गावी. तिनं गिरणीशेजारी मोटर दुरुस्तीचं दुकान काढलं, त्या दिवशी. आता लोक मोटरी घेऊन तिच्याकडे येतात. भिंतीवर नवा बोर्ड होता. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला का, हे बघणारा आणि जरा फरक पडला की सगळी वीज आपोआप तोडणारा स्विच तिनं त्यात बसवला होता. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत होती. "ह्येला आमी धनगर म्हनतो. मोजून सोडतो, मोजून आत घेतो. एक कमी आलं की दार लावतो."

सर ते ऐकत होते आणि दुकानात चालत होते. अर्थिंगची तार कुठं जाते ते बाहेर जाऊन बघून आले. बोर्डासमोरून तीनदा गेले. संगीतानं गिरणीची मोटर चालू केली, आतली तांब्याची तार तिनंच नव्यानं भरलेली. पट्टा फिरायला लागला, जमीन थरथरली, पिठाचा वास सुटला. सरांनी मोटरीभोवती एक चक्कर मारली. सासू हसून म्हणाली, "लावा मास्तर उलटा हात. आमाला राग न्हाई येत."

सरांनी हात पुढं केला आणि चालू मोटरीच्या अंगावर तळहात ठेवला. सबंध, पाची बोटं पसरून.

"सर, उलटा!" संगीता ओरडली. "आधी उलटा हात!"

"कावून?" सर म्हणाले. "जोडलंय कुणी?"

माझी शेवटची एसटी होती, मला निघावं लागलं. रस्त्यावर जाऊन वळून पाहिलं तर दार उघडंच होतं. आत बल्ब लागलेला होता, मोटर चालू होती, आणि गडदे सर तिच्यावर हात ठेवून एका जागी उभे होते.